पालथे तुकडे

कपांचे कान

सगुणने बहिणीला दिलेली पहिली भेट म्हणजे एक कोंबडा. सळीचा सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर सिमेंट, आणि सिमेंट ओलं असतानाच दाबून बसवलेले कपबशांचे आणि लादीचे तुकडे. तुऱ्याला लाल लादी. शेपटीला नुसते कपांचे कान, एकाखाली एक. सुलोचना खूष झाली. "अगदी जितो दिसता रे," म्हणाली, आणि दोन्ही हातांनी उचलून तिने तो खुराड्यापाशी नेऊन ठेवला. तिच्या खऱ्या कोंबड्याने त्याच्याशी भांडण काढलं, चोच दुखावून घेतली आणि मग नाद सोडला.

पुढच्या वेळी त्याने कासव आणलं. ते विहिरीच्या कठड्याजवळ गेलं. मासा कुंपणाच्या खांबावर चढला. सगळं जपून ठेवलं जायचं, आल्यागेल्याला दाखवलं जायचं, आणि सगळं बाहेर असायचं. फुटलेली वस्तू सुलोचना घरात ठेवत नसे. आई ठेवत नसे म्हणून. बशीला नुसता तडा गेला तरी आई ती मागच्या दाराने कुंपणापलीकडे टाकून यायची आणि हात धुवायची. ते का, हे आईने कधी सांगितलं नाही आणि मुलीने विचारलं नाही.

सुलोचनाचा नवरा बाबली तुयेच्या एका कारखान्यात पाळीवर कामाला. तो म्हणायचा, "ह्याची सगळी जनावरां भायर. मेवणो तेवढो आत येता, तो अजून फुटाक नाय म्हणान."

सगुण हसायचा. आईमागे त्याला तायनेच वाढवलं होतं. त्याला एवढंच हवं होतं, आपल्या हातचं काहीतरी एक तायच्या उंबऱ्याच्या आत असावं.

लाल धूळ

मुळगावात असताना तो खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी बंद झाल्या, ट्रक दारात उभा राहिला, चाकांना गवत लागलं. तो विकून त्याने लहान टेम्पो घेतला आणि लाद्या बसवायला शिकला. लादीच्या कामात कापलेले कोपरे फार उरतात. ते फेकायचे कुठे, या प्रश्नातून पहिला मासा झाला. मांद्र्यातल्या एका गेस्टहाउसवाल्याने तो दारात लावला आणि मग शेजारच्याला तसाच, पण मोठा, हवा झाला.

हॉटेलांच्या मागच्या दाराशी फुटक्या ताटल्यांची पोती मिळायची. पक्कडीने तुकडे तोडायचे, रंगवार वेगळे करायचे. मांद्र्यात गिऱ्हाइकांना कासवं चालत, मत्स्यकन्या चालत, वाघ चालत नसत. एका मालकिणीने मत्स्यकन्येचं नाक बदलून मागितलं, कारण ते तिच्या नणंदेसारखं दिसत होतं. सगुणने बदललं. आपल्या वस्तू कुठे जातात याचं त्याला सुखदुःख नव्हतं. पोहण्याच्या तळ्याकाठी, न्हाणीघराच्या भिंतीत, कुठेही जावोत.

फक्त तायच्या उंबऱ्याआतलं ते एक सोडून.

पिंगाणं

हा तुकडा जुना आहे. इथेच बसतो.

पोर्तुगीज गेले त्या सुमाराला पेडण्यातलं एक अंमलदाराचं कुटुंब घर मोडून परत निघालं, तेव्हा सगुणच्या वडिलांनी त्यांच्याकडून पिंगाणं घेतली. पिंगाणं म्हणजे चिनीमातीच्या खोलगट ताटल्या. पांढऱ्या, काठाला निळी वेल. आईने त्या कधी रोजच्या वापरात घेतल्या नाहीत. सुलोचनाच्या लग्नात त्या तिच्याबरोबर गेल्या, आणि तिनेही त्या फक्त पाहुण्यांसाठी काढल्या.

खोका

भाड्याच्या जागेतून स्वतःच्या घरात जायचं ठरलं. घर तुयेतच बांधलं होतं. खोका बाबलीने बांधला, दोरी बाबलीने आवळली. वळणावर टेम्पो कलला आणि आतून आवाज आला. टेम्पोत बसलेल्या तिघांनाही तो कळला.

नव्या घराच्या पायरीवर सुलोचनाने खोका उघडला. एकही पिंगाण अख्खं नव्हतं.

खोका आत नेता येईना, कारण फुटलेलं. टाकवेना, कारण आईचं. तो पायरीवरच राहिला. येणारा जाणारा त्याला वळसा घालायचा. घरभरणी जवळ आली तरी खोका तिथेच.

बोलणी

सगुणने सुचवलं की या तुकड्यांचा गणपती करू, मधल्या दाराच्या वर भिंतीत बसवू. सुलोचना लगेच हो म्हणाली नाही. तिने भटजींना विचारलं. भटजींनी थोडा वेळ खोक्याकडे बघितलं.

"जोडलेलं ते फुटलेलं नव्हे," ते म्हणाले. "आणि देव झाल्यावर तर नाहीच नाही."

सुलोचनाला ते पटलं. तिने एकच अट घातली. रोज सकाळी ती देवावरून ओलं फडकं फिरवणार, तेव्हा हाताला कापता कामा नये. अगदी सपाट हवं.

सगुण हो म्हणून बसला. मग त्याच दिवशी मधल्या दारावरची भिंत फोडून त्याने चौकोनी कोनाडा काढला. लवकर काढला, म्हणजे तिचा विचार बदलायच्या आत.

पालथी रीत

कोंबड्याचे तुकडे वर-खाली असले तर बिघडत नाही, उलट पिसं वाटतात. पण पिंगाणं खोलगट. त्यांचे तुकडे सिमेंटवर सरळ बसवले तर कुठे कड वर येणार, कुठे पोट. सपाट हवं असेल तर रीत वेगळी. कागदावर चित्र काढायचं, प्रत्येक तुकडा तोंड खाली करून मैद्याच्या खळीने कागदाला चिकटवायचा, मग भोवती लाकडी चौकट लावून मागून जाळी ठेवून सिमेंट ओतायचं. पुढची बाजू कागदाने आपोआप एका पातळीत येते. सिमेंट धरलं की सगळं उलटं करायचं, कागद भिजवायचा आणि सोलायचा.

काम करताना दिसते ती तुकड्यांची पाठ. काय होतंय ते शेवटी कळतं.

सगुणला ही रीत माहीत होती. मांद्र्यातल्या गेस्टहाउसच्या नावाची पाटी त्याने अशीच केली होती, आणि अक्षरं आरशात बघून उलटी काढली होती. अक्षर उलटं काढायचं हे विसरायला होत नाही, कारण उलटं अक्षर डोळ्याला खुपतं. गणपती त्याने समोरच्या कॅलेंडरवर बघून काढला. लहानपणापासून चवथीला दारावर, पाटावर, वहीच्या पहिल्या पानावर काढलेला गणपती. हात चालतच गेला. सोंड देवाच्या डाव्या हाताकडे, लाडू डाव्या हातात, सगळं जिथल्या तिथे.

निळी वेल त्याने सोंडेसाठी राखली होती. सोंडेच्या मुळापासून टोकापर्यंत वेल तुटू द्यायची नाही, एका पिंगाणाची दुसऱ्याला जोडायची, असं त्याच्या मनात होतं. पाठीवर नक्षी नसते, म्हणून प्रत्येक तुकडा लावण्याआधी उलटून बघावा लागायचा. बाबली एकदा डोकावून गेला आणि म्हणाला की हा माणूस तांदूळ निवडल्यासारखं करतोय.

खरं सांगायचं तर एवढं चांगलं काम त्याने आधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही त्याच्या हातून झालं नाही.

कपाळ

सोलायच्या दिवशी सुलोचना हळदकुंकवाचा करंडा घेऊनच पडवीत आली. चौकट उलटी करायला बाबलीने हात लावला. सगुणने कागदावर पाणी शिंपडलं, थांबला, पुन्हा शिंपडलं. वरच्या बाजूने सोलायला घेतलं.

मुकुट निघाला. मग कान. मग कपाळ, एका पिंगाणाच्या तळाचं, पांढरंशुभ्र, आणि त्यावर ओरखडासुद्धा नाही. सुलोचनाने तळवा फिरवून बघितला. कुठेही लागलं नाही. तिने हळद लावली, कुंकू लावलं, पदर डोक्यावरून घेऊन नमस्कार केला. डोळे पुसले. हे आईचं, असं काहीतरी म्हणाली.

सगुण पुढे सोलत गेला. डोळे निघाले. सोंड सुरू झाली, वेल अखंड खाली आली आणि वळली.

बाबली सगळ्यात आधी बोलला. "सगुण, ही सोंड खंय चल्ली?"

सोंड देवाच्या उजव्या हाताकडे गेली होती. कागदावर सरळ काढलेलं चित्र पलटून आलं होतं.

सगुणने उरलेला कागद सोलला. लाडूही उजव्या हातात होता. त्याकडे कोणी बघितलं नाही.

कडक

भटजी आले, त्यांनी वाकून पाहिलं आणि कामाचं तोंडभरून कौतुक केलं. मग म्हणाले की उजव्या सोंडेचा गणपती वाईट नसतो, कडक असतो. रोज सोवळ्याने, वेळेवर पूजा. खंड चालत नाही. ज्या घरात तो आहे त्या घरात मासळी शिजत नाही.

सुलोचनाने बाबलीकडे बघितलं. बाबली जमिनीकडे बघत होता. पाळीवरून आलेला हा माणूस सोमवार आणि एकादशी कशीबशी काढायचा.

भटजींनी वाटही दाखवली. प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, तेव्हा हे अजून सिमेंट आहे. फोडा, पुन्हा करा. दोष नाही.

ते गेल्यावर सगुण हातोडी घेऊन बसला. घरभरणीला अजून थोडे दिवस होते, होण्यासारखं होतं. तुकडे आणखी लहान होतील, वेल तेवढी जुळणार नाही. पण सोंड डावीकडे वळेल.

"थांब," सुलोचना म्हणाली.

"भटजी काय म्हणाले ऐकलंस मा, ताय? देव नाय तो अजून."

"भटजींनी सोंड बघली. कुंकू मी लावलां."

सगुणने सांगून पाहिलं की कुंकू पुसता येतं. मग त्याने विचारलं की मग करायचं काय, आत घ्यायचा नाही, फोडायचा नाही, पायरीवर ठेवायचा का आणखी एक. हे बोलताना त्याचा आवाज चढला.

"तुझ्याकडेन चूक झाली म्हणान मी म्हणतंय काय?" सुलोचना म्हणाली. "देवाक घरात जागा नाय दिवक येत तर पोचवचो. फोडूचो नाय."

पाणी

तेव्हा चवथ नव्हती. भर उन्हाळ्यात टेम्पोतून गणपती नदीवर चाललेला बघून वाटेत एकाने विचारलं की हा कुठल्या चवथीचा. बाबलीने सांगितलं की यंदाचा लवकर आलाय.

काठावर सुलोचनाने आरती केली. आवाज तिचा एकटीचाच. सगुण आणि बाबली छातीभर पाण्यात गेले. शाडूची मूर्ती पाण्यात क्षणभर थांबते, एकदा वर येते, मग जाते. ही थांबली नाही. सिमेंटची होती. हात सोडताच गेली. पाणी थोडा वेळ गढूळ राहिलं.

परतताना रीतीप्रमाणे सुलोचनाने काठावरची वाळू पाटावर घेतली आणि घरी नेली.

घरभरणी

झाली. मधल्या दारावरच्या कोनाड्यापुढे आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण जरा जाड बांधलं होतं. जेवायला सोलकढी होती. सगुणने वाढप केलं.

मग पाऊस आला, गेला. सगुणचं तायकडे जाणं कमी झालं. भांडण नव्हतं. गेला की अंगणातूनच बोलायचा, टेम्पो चालू ठेवून. मांद्र्यात त्याची कासवं जात होती. पाटीचं काम आलं तेव्हा त्याने नाही म्हटलं. पालथं काम करत नाही, एवढंच सांगितलं.

छापील

सुलोचनाने निरोप पाठवला तो लादी बसवायला ये म्हणून. म्हापशाच्या बाजारातून तिने गणपतीची छापील लादी आणली होती. गुळगुळीत, चकचकीत, सोंड डावीकडे. देवाच्या मागे सूर्य उगवत होता.

सगुणने कोनाडा झाडला, ओला केला, सिमेंट कालवलं. लादी मधोमध धरली. पातळी बघून बसवली. खाली उतरून लांबून बघितलं. बाबलीनेही बघितलं आणि चांगली आहे म्हणाला.

लादी कोनाड्याहून लहान होती. चारही बाजूंनी चार-चार बोटं सिमेंट उघडं राहिलं होतं.

"ह्यां असांच रवतला?" सुलोचनाने विचारलं.

सगुण म्हणाला की पांढरं सिमेंट फिरवून रंग देता येईल. मग तिच्याकडे न बघता म्हणाला की नाहीतर टेम्पोत पोतं आहे, निळे तुकडे बरेच आहेत, पट्टी भरून टाकतो.

"ते हॉटेलातले?"

"हॉटेलातले."

"लोकांनी खाल्लेली ताटां माझ्या देवाभोवती नको."

सगुणने मान हलवली आणि थापी धुवायला घेतली. सुलोचना स्वयंपाकघरात गेली. बाबलीने मध्येच कारखान्यातल्या कोणाची तरी गोष्ट काढली, ती कोणी ऐकली नाही.

ती आली तेव्हा तिच्या हातात कप होते. बाबली आणि ती सकाळचा चहा घेत ते, हिरव्या काठाचे. धुऊन आणले होते. पदराने तिने ते आतून-बाहेरून कोरडे केले आणि भावापुढे धरले.

सगुणने ते घेतले नाहीत. "अख्खे बसूचे नाय, ताय."

"माका कळता."

"फोडूक लागतले."

"मगे फोड," सुलोचना म्हणाली. "पण हय नको. भायर जावन फोड."