बायोसमधले यजमान

माझे यजमान तीन वर्षांपासून आमच्या टायपिंग क्लासच्या संगणकात राहतात. विंडोजमध्ये नव्हे, तिथे गर्दी फार. त्याच्याही आधी एक निळी खोली लागते, बायोस म्हणतात तिला, तिथे. संगणक सुरू करायचा आणि लगेच डिलीटचं बटण टकटक दाबत राहायचं. जरा उशीर झाला की संगणक पुढे निघून जातो आणि त्यांची गाठ पडत नाही. मी रोज सकाळी दहाला डिलीट दाबते आणि ते दिसतात.

ते आत गेले मुलांमुळे. मुलं संगणकाचं घड्याळ मागे करून सराव परीक्षेची वेळ वाढवून घ्यायची. "घड्याळ नीट करतो, पासवर्ड टाकतो आणि येतो," असं म्हणून गेले आणि पासवर्ड टाकला तो आत असतानाच. आता बाहेर पडायलाही तोच लागतो. तिथे माउस चालत नाही, म्हणून ते फक्त वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे चालतात. तसे ते बाहेरही कुणासाठी वळायचे नाहीत.

गेल्या सोमवारपासून घड्याळ मागे पडू लागलं. खोलीही आखडली. मंगळवारी छत त्यांच्या डोक्याला टेकलं. गुरुवारी त्यांचे पाय करडे झाले. बायोसमध्ये जे करडं होतं ते आपल्या हाती राहत नाही. आज सकाळी ते कमरेपर्यंत करडे होते.

मी बशीरभाईंना बोलावलं. आमची यंत्रं तेच दुरुस्त करतात. झाकण उघडून म्हणाले, "घड्याळाचा सेल गेलाय, वहिनी. हा बघा, शर्टाच्या बटणाएवढा. दुपारपर्यंत टिकला तर नशीब."

"बदला मग."

"बदलतो की. पण काढला की आतलं सगळं जातंय. कंपनीतनं आलं तसं कोरं. पासवर्ड बी जाणार."

"आणि हे?"

बशीरभाईंनी पडद्याकडे बघून नमस्कार केला. "सरांना आधी बाहेर काढा."

मी विचारलं, "अहो, पासवर्ड काय ठेवला होतात?"

"आठवत नाही गं. बोटांना माहीत होता."

टायपिंग शिकवणाऱ्यांचं हे असंच. मजकूर डोक्यात शिरतच नाही, परस्पर बोटांत उतरतो.

"आणि इथे बरं आहे," ते म्हणाले. "गुडघे दुखत नाहीत."

"गुडघे उरलेत कुठे दुखायला!" मला राग आला. रडूही आलं.

तीनदा चुकलं की संगणक कुलूप लावून घेतो. पहिल्यांदा मी माझं नाव टाकलं, हेमलता. चूक. मग लग्नाची तारीख टाकली. तीही चूक. एकतीस वर्षांच्या संसारात माझा मान एवढाच.

करडा रंग त्यांच्या छातीशी आला. इकडे क्लासच्या भिंती निळ्या झाल्या होत्या. बशीरभाई पिशवीतून नवा सेल आणायला निघाले आणि काटकोनात वळून गेले. मी खुर्ची तिरकी ओढून पाहिली. ती सरकली नाही.

मग नव्या मुलींसाठी टाकतो तसं मी कीबोर्डवर आणि माझ्या हातांवर कापड टाकलं. आमच्या क्लासात बोटांकडे बघायची मुभा नाही.

"बोटं ठेवा," मी म्हटलं.

"कुठे?"

"जिथे रोज ठेवत होता तिथे."

कापडाखाली माझी दहा बोटं होती. मग वीस झाली. त्यांची थंड होती आणि अजूनही माझ्यापेक्षा वेगात चालत होती. पडद्यावर एकामागून एक नऊ चांदण्या उमटल्या. पासवर्ड बरोबर निघाला. काय होता ते मला कळलं नाही.

पडद्यावर प्रश्न आला, बाहेर पडायचं का. होय असेल तर वाय, नाही असेल तर एन.

"लवकर, वहिनी," बशीरभाई म्हणाले. "संपत आलाय."

ही दोन्ही अक्षरं उजव्या तर्जनीनेच मारायची असतात. वाय वरच्या ओळीत, एन खालच्या. माझी तर्जनी वर निघाली. त्यांची खाली.