सौंदर्याचा नकार

चंदगडच्या शाखेपुढं मांडव घातला होता. एका मोठ्या बँकेची ही शाखा त्या दिवशी मुंबईच्या मुख्य संगणकाला जोडली जाणार होती. साल २००४. प्रसेनजीत कोल्हापूरच्या विभागीय कार्यालयात नुकताच लागलेला इंजिनीअर. शाहूवाडीच्या या पोरानं बँकेचा एवढा थाट पहिल्यांदाच बघितला होता. त्याची वरिष्ठ सौंदर्या मात्र मांडवाकडं फिरकलीही नव्हती. गडहिंग्लजच्या कापडदुकानदाराची ही मुलगी सकाळपासून संगणकापुढं ठाण मांडून बसली होती.

"मॅडम, चाचणी तर कालच झाली की," प्रसेनजीत म्हणाला.

"ती आपण मनानं घातलेल्या नावांवर. आज खरी माणसं आलीत. कुणाला तरी आत बोलाव."

आक्काताई गणपती गावडे आत आल्या. नाव घालताच पडद्यावर फोटो उमटला. आक्काताईंनी मान पुढं काढून बघितलं आणि ठणकावलं, "ही मी न्हाय! ही वरल्या आळीची आक्काताय. तिचा दादला बी गणपतीच हाय."

प्रसेनजीतला हसू फुटलं. सौंदर्याचा चेहरा मात्र उतरला. जुनी खाती मुंबईच्या संगणकात नेताना एकाच गावच्या, एकाच नावाच्या दोन बायकांना यंत्रानं एक करून टाकलं होतं. तिनं भराभर शोधलं. अशी आणखी बरीच माणसं निघाली. प्रसेनजीतचं हसू विरलं.

तेवढ्यात विभागीय कार्यालयाचे मोठे साहेब आत आले. "चला, पाहुणे आलेत. बटण दाबायचंय."

"सर, आज सुरू करता येणार नाही."

साहेबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तिनं सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "आज सुरू करू, मागनं दुरुस्त करू. मांडवात आमदार बसलेत, सौंदर्या!"

"तोवर एकीचे पैसे दुसरीच्या हातात जातील, सर. माझ्या मंजुरीशिवाय जोडणी होत नाही, आणि ती मी देणार नाही."

"मुंबईला काय सांगू?"

"माझं नाव सांगा."

साहेब पाय आपटत बाहेर गेले. पाहुण्यांनी चहा घेतला, पेढे खाल्ले आणि बटण न दाबताच ते गाड्यांत बसून गेले. आक्काताई जाता जाता सौंदर्याला म्हणाल्या, "पोरी, तुला लई बोलला की गं त्यो."

"बोलू दे, मावशी."

परतीच्या जीपमध्ये प्रसेनजीतला राहवेना. "भीती नाही वाटली, मॅडम?"

"वाटली की! बघ, हात अजून गार आहेत." तिनं खरंच हात पुढं केला. "कॉलेजात कुणी शिकवलंच नाही, साहेबाला नाही कसं म्हणायचं ते."

पुढचा आठवडाभर दोघांनी मिळून जुनी खाती मुंबईच्या संगणकात नेणारा प्रोग्राम सुधारला. जन्मतारीख आणि जुना खातेक्रमांक जुळल्याशिवाय आता कुणाचं खातं कुणात मिसळत नव्हतं. चंदगडची शाखा हारतुऱ्यांविना सुरू झाली. साहेब महिनाभर तिच्याशी तुटकच बोलले. पण हाच प्रोग्राम सगळ्या शाखांत वापरा, असा मुंबईहून निरोप आला, तेव्हा तो त्यांनीच भर बैठकीत वाचून दाखवला, आणि वाचून झाल्यावर आपली खुर्ची सरकवून सौंदर्याला पुढं बसायला सांगितलं. पुढचं काम तिनंच समजावून सांगायचं होतं. मागच्या रांगेत प्रसेनजीत ताठ होऊन ऐकत होता.