माहेरपान

गोड नाव असलं की रोप खपतं, हे आमच्या रोपवाटिकेत सासूबाईंचं ब्रह्मवाक्य. अंगाला खाज सुटेल अशा ढेकूणवेलीची त्यांनी चंद्रवेल केली, आणि गिऱ्हाईकं हौसेनं घेऊन गेली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

एकच झाड विकायचं नव्हतं. मागच्या भिंतीलगतचं माहेरपान. नव्या सुनेला त्या सांगत, "या घरच्या पहिल्या सुनेनं माहेरून आणलं हे. आठवण आली की याच्यापाशी बसावं." खरं काय ते मला शेजारच्या म्हातारीनं सांगितलं. पाला जहरी. ज्यांना माहेरी धाडलं नाही, अशा या घरच्या दोघी सुना तो खाऊन जिवानिशी गेल्या. बायकांनी तेव्हा ते नाव ठेवलं.

माझ्या धाकट्या जावेचे वडील अंथरुणाला खिळले होते. ती जायचं विचारी आणि सासूबाई म्हणत, "हंगाम उरकू दे." हंगाम काही उरकत नव्हता.

काल दुपारी स्वयंपाकघरात गेले तर धाकटी पातेल्यात तोच पाला शिजवत होती. पातेलं उचललं आणि मोरीत पालथं केलं.

"अगं, नावावर काय जातेस! विष आहे ते. सगळं घर जेवायला बसलं असतं!"

"घराचा स्वयंपाक तिकडे झाकून ठेवलाय, ताई," ती म्हणाली. "म्हातारीनं मलाही सांगितलंय."

ओट्यावर एकच वाटी काढलेली होती.

मला रडू फुटलं, आणि रागही असा आला की सासूबाई दारात आल्या तेव्हा मी त्यांच्यापुढे वाटीच धरली. त्या खांबाला टेकल्या.

"माझ्या थोरल्या जावेनंही अशीच काढली होती," त्या पुटपुटल्या. "मी पोचेपर्यंत रिकामी झाली होती. म्हणून तर मी ती पहिल्या सुनेची गोष्ट रचली. तुम्हाला भीती वाटू नये म्हणून."

"मग आता तरी हिला जाऊ द्या."

त्यांनी माझ्या हातून वाटी घेतली. डोळे भरलेले होते, खोटं कशाला बोलू.

"चार दिवस थांबली असती तर," त्या म्हणाल्या, "हंगाम तेवढा..."

मी पुढचं ऐकलंच नाही. धाकटीचा हात धरला, आणि मातीनं भरलेल्या पायांनीच तिला माहेरच्या बसमध्ये नेऊन बसवलं.