दोन बोटं बाहेर

घरजावयाची एक गंमत असते. घरात तो जितका जुना होतो तितका त्याचा मान वाढत जातो, आणि त्याचं मत विचारणारं मात्र कुणी उरत नाही. ही गोष्ट ज्याची आहे त्या जावयाला सासरेबुवा आठ वर्षांनंतरही "जावईबापू, तुम्ही" असंच म्हणत. जरा शिंकला तरी डॉक्टर घरी हजर. पण स्टुडिओतल्या पंख्याची दिशा बदलायची झाली, तर आधी सासरेबुवांच्या तोंडाकडे बघायचं.

घर वर, स्टुडिओ तळघरात, मध्ये अकरा पायऱ्या. जावयाचं कामाला जाणं म्हणजे या पायऱ्या उतरणं आणि घरी येणं म्हणजे त्याच चढणं. खाली खिडकी म्हणाल तर एकच, तीही दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत, जाड दुहेरी काचेची. काचेच्या पलीकडे वाजवणारे, अलीकडे ऐकणारे. दारं अशी भक्कम की लागली की कानात दडे बसल्यासारखं होई. पहिल्या वर्षी त्याला ती शांतता आवडली होती. अलीकडे दार लागलं की तो नकळत श्वास मोजायला लागे. एकदा त्याने बायकोला हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मी तर इथे जन्मल्यापासून मोजतेय."

त्या तळघराची कीर्ती एका आवाजावर उभी होती. ड्रमवाला दोन गुडघ्यांच्या मध्ये जो चपटा ड्रम ठेवतो, ज्याच्या खालच्या अंगाला तारा ताणलेल्या असतात, तो स्नेअर. तो नीट वाजला नाही तर बाकीच्यांनी कितीही जीव तोडून गावं, गाणं पांगळंच राहतं. आणि इथला स्नेअर असा वाजे की ऐकणाऱ्याची मान आपोआप हले. याचं सगळं श्रेय सासरेबुवा एका माइकला देत. चांदीच्या रंगाचा, जुन्या घडणीचा, त्यांनी तरुणपणी पहिलं मोठं काम मिळालं तेव्हा घेतलेला. त्याला ते 'थोरला' म्हणत. धाकटा म्हणजे त्यांचा सख्खा मुलगा, जो बापाशी भांडून परदेशी गेला आणि आता फक्त वाढदिवसाला फोन करत असे. "थोरल्याने मला कधी दगा दिला नाही," असं म्हणून सासरेबुवा फडक्याने त्याची जाळी पुसत.

थोरला आठ वर्षांपूर्वीच मेला होता, आणि हे जावयाने कुणालाही सांगितलं नव्हतं.

लग्नाला तीन महिने झाले असतील. सासरेबुवा डोळे तपासायला गेले होते. जावयाने स्टँडचा स्क्रू अर्धवट पिळला, ड्रमवाल्याने पहिलाच ठोका दणकून दिला, आणि थोरला तोंडावर आपटला. उचलून हलवला तर आत खडखड. घाबरलेल्या माणसाचं डोकं चालत नाही, हात मात्र भराभर चालतात. जावयाने स्वतःचा माइक काढला. सासरी येताना त्याने आणलेलं आंदण म्हणजे एवढंच: एक साधा काळा माइक, सभेत पुढारी ज्याच्यासमोर घसा फोडतात तसला, कुठल्याही दुकानात मिळणारा. त्याच्या आतली आवाज टिपणारी कॅप्सूल त्याने काढली, थोरल्याच्या चांदीच्या अंगात बसवली, तारांना डाग देऊन जोडलं आणि जाळी पुसून ठेवली. संध्याकाळी सांगू असं ठरवलं. संध्याकाळी सासरेबुवांच्या डोळ्यांत औषध होतं. मग सोमवारी सांगू म्हणाला. सोमवारही गेला.

पण नव्या कॅप्सूलचा आवाज वेगळा होता. तो फरक सासरेबुवांना कळू नये म्हणून जावई पंधरा दिवस स्नेअरभोवती माइक फिरवत राहिला. बोटभर वर, बोटभर आत, जरासा तिरका. शेवटी एक जागा सापडली: कडेपासून दोन बोटं आत, कातड्यापासून चार बोटं वर, तोंड मधोमध नाही तर किंचित अलीकडे. तिथे तो स्वस्तातला माइक असा बोलला की खरा थोरला उभ्या आयुष्यात तसा बोलला नव्हता. कीर्ती झाली ती त्यानंतर. म्हणजे जो आवाज रेकॉर्ड करायला लोक लांबून येत, तो थोरल्याचा नव्हताच, तो जावयाच्या भीतीतून निघालेला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. खरं असेल, पण आठ वर्षं मूठ झाकून बोटं आखडतात ते कुणी सांगत नाही.

आणि मग त्या बाईचा फोन आला. दूरच्या एका मोठ्या स्टुडिओची ती मालकीण होती. तिने सरळ जावयालाच विचारलं.

"तुमच्याकडचा स्नेअर मी चार वेगवेगळ्या गाण्यांत ऐकला. मला तो आवाज काढणारा माणूस हवाय. राहायला दोन खोल्या देईन, चांगल्या उजेडाच्या. पण आधी येऊन खात्री करणार, हे माणसाचं काम आहे की माइकचं. माइकचं असेल तर माइकच बघेन."

जावयाने बायकोला सांगितलं. बायकोने दोन दिवस कुणावर आवाज चढवला नाही, आणि रात्री झोपताना विचारलं, त्या दोन खोल्यांना खिडक्या किती असतील. काय ते यावरून समजावं.

पाहुणी सकाळी दहाला आली, सोबत आपला ड्रमवाला घेऊन. पन्नाशीची बाई, बोलणं तुकडा तोडल्यासारखं.

"तीन माइक लावू," ती म्हणाली. "एकाच जागी, एकामागून एक. मग कुठला कुठला ते न सांगता ऐकू. डोळे फसवतात, कान नाही."

"लावू की," सासरेबुवा म्हणाले. "एक आमचा थोरला, एक तुमचा."

तिने मऊ अस्तराच्या पेटीतून आपला महागडा माइक काढला. "आणि तिसरा?"

सासरेबुवांनी खुर्ची गर्रकन वळवली. "जावईबापू, तो खणातला काळा काढा. सभेतला. पाहुण्यांना फरक कळू दे."

खणात तसलाच एक काळा माइक पडून असे, वेळप्रसंगी गायकाच्या हातात द्यायला. जावयाने खण उघडला. काळ्याच्या आणि थोरल्याच्या आत आता एकाच जातीची कॅप्सूल होती. एकाच जागी ठेवले तर दोघं जुळ्या भावांसारखे बोलणार. मग पाहुणीला कळणार की चांदीच्या अंगात काही जादू नाही, सगळं ठेवणाऱ्याच्या हातात आहे, आणि ती त्याला घेऊन जाणार. त्याच क्षणी सासरेबुवांनाही कळणार की आपण आठ वर्षं मेलेल्या थोरल्याची जाळी पुसतोय. इकडे आड, तिकडे विहीर असंही म्हणता येईना, कारण एका बाजूला चक्क उजेडाच्या दोन खोल्या होत्या. आणि त्यासाठी त्याला काहीच करायचं नव्हतं, फक्त हात जागेवर ठेवायचा होता.

थोरला लावला. ड्रमवाल्याने आठ ठोके दिले, मग आणखी आठ. पाहुणीचा माइक त्याच जागी लावला. पुन्हा ठोके. मग काळा.

जावयाने तो बरोबर जागेवर ठेवला. कडेपासून दोन बोटं आत, चार बोटं वर. ड्रमवाल्याने काठ्या उचलल्या. जावयाने काचेकडे पाहिलं. पलीकडे सासरेबुवांचा चष्मा तेवढा चमकत होता, त्यामागचे डोळे दिसत नव्हते.

"थांबा जरा," जावई म्हणाला. "स्क्रू सैल वाटतोय."

तो काचेकडे पाठ करून वाकला. स्क्रू सैल नव्हता. त्याने माइक दोन बोटं बाहेर सरकवला आणि त्याचं तोंड धातूच्या कडेकडे फिरवलं.

इथे कुणी म्हणेल, काय भित्रा माणूस! म्हणा बापडे. आठ वर्षं एक खोटं अंगाखांद्यावर वाढवून बघा, आणि मग म्हणा. भीती अंगवळणी पडली की ती डोक्याला विचारायला जात नाही, परस्पर हाताला सांगते. सरळ उभं राहिल्यावरच त्याला कळलं की आपण काय केलं. तोवर ड्रमवाला वाजवायला लागला होता.

सगळे अलीकडच्या खोलीत जमले. तिन्ही रेकॉर्डिंगचा क्रम ड्रमवाल्याने उलटसुलट करून लावला. पाहुणीने डोळे मिटले.

पहिला ऐकून ती म्हणाली, "हा माझा. आजूबाजूच्या झांजांची थरथरसुद्धा टिपतोय."

दुसरा सुरू झाला आणि खोलीत कुणीतरी रिकामा डबा बडवल्यासारखं झालं. पाहुणीला हसू आलं. "हा सभेतला."

तिसरा सुरू झाला. तिची मान हलत होती. आवाज थांबल्यावर तिने डोळे उघडले, आणि त्यांत आनंदापेक्षा निराशाच जास्त होती.

"म्हणजे माइकच आहे," ती म्हणाली. मग सासरेबुवांकडे वळली. "विकता?"

"पोटच्या पोराला कुणी विकतं का?"

"ते खरं. मग मीच येत जाईन. वर्षातून तीनदा येऊ, आमचे सगळे ड्रम इथेच रेकॉर्ड करू." तिने उठून जावयाचा हात हातात घेतला. "तुम्हाला न्यायला आले होते, वाईट वाटून घेऊ नका. पण एक सांगते. तुमच्या जागी दुसरा असता तर स्वतःचं महत्त्व दाखवायला त्याने हातचलाखी केली असती. तुम्ही खरेपणाने लावलेत तिन्ही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. जावयाने तोंडातल्या तोंडात आभार मानले. पाहुणी आणि ड्रमवाला पायऱ्या चढून गेले. वर तिची गाडी सुरू झाली असणार, खाली काही ऐकू आलं नाही.

जावई केबल गुंडाळायला लागला. सासरेबुवा खुर्चीतच होते.

"दोन बोटं," ते म्हणाले.

"काय, बाबा?"

"दोन बोटं बाहेर सरकवलास तो काळा. आणि तोंड कडेकडे फिरवलंस."

आठ वर्षांत ते पहिल्यांदा त्याला 'तू' म्हणाले होते. जावई केबल गुंडाळायचा थांबला.

"तुम्हाला कळलं?"

"आत्ता नाही कळलं. थोरला आपटला त्याच आठवड्यात उघडून बघितला होता मी. माझा माइक मला कळणार नाही? डाग मात्र चांगला दिला होतास."

"मग बोलला का नाहीत?"

सासरेबुवांनी चष्मा काढला. त्याशिवाय ते फार म्हातारे दिसत. "बोललो असतो तर तू माफी मागितली असतीस. मी केलं असतं माफ. मग तू मोकळा झाला असतास. मोकळं माणूस या घरात राहत नाही रे, एकाचा अनुभव घेतलाय मी. तू गेलास की पोरगीही जाणार. मग मी इथे बसून काय ऐकू?"

जावयाला राग आला. इतका आला की कानशिलं तापली. पण त्या रागाच्या पाठोपाठ कीवही आली, आणि तिने रागाचे पायच कापले.

"आणि आज? तो काळा लावायला तुम्हीच सांगितलंत."

"म्हटलं, बघू काय करतोय. जागेवर ठेवला असतास तर जाऊ दिलं असतं. शप्पथ घेऊन सांगतो." म्हाताऱ्याने खांदे उडवले. "तू सरकवलास. मी काय करणार?"

"मी आत्ता तिच्यामागे जातो. सगळं सांगतो."

"जा की. मी अडवलंय का?" सासरेबुवा खरोखरच मायेने बोलत होते. "पण सांगणार काय? परीक्षेत फसवलं तुम्हाला, आणि मला कामावर घ्या?"

दार सताड उघडं होतं. पायऱ्यांवर वरून थोडा उजेड पडला होता. जावई दाराशी गेला, चौकटीला हात लावून उभा राहिला, आणि पाहुणी कुठवर पोचली असेल याचा अंदाज करत राहिला. कोपऱ्यावर. मग पुलाजवळ. मग कुठेही. ती हातची गेली असं मनाला पुरतं पटल्यावरच तो पायऱ्या चढला.

बायको वर जिन्याशीच उभी होती. तिने केस विंचरले होते, साडी बदलली होती.

"काय म्हणाली?"

सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी माइक फोडला, आठ वर्षं तुझ्या वडिलांना फसवलं, आणि आज माझ्याच हाताने तुझ्या खिडक्या बंद केल्या. जावयाने तोंड उघडलं.

"काही नाही गं. तिला दुसरा कुणीतरी मिळालाय म्हणे."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. तिचा विश्वास बसत नव्हता. तेवढ्यात सासरेबुवा कठडा धरत, धापा टाकत वर आले. सगळं त्यांच्या कानावर पडलं होतं. त्यांचे कान अजून तिखट होते.

"बाबा, खरं का हे? तुमच्यासमोर म्हणाली ती असं?"

सासरेबुवांनी आधी श्वास घेतला. मग जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

"हो, माझ्यासमोरच म्हणाली," ते म्हणाले, आणि तो हात न काढता त्याला जेवायला आत घेऊन गेले.