चिखलीच्या भंगारातली ऐरण

"ह्याला ऐरण म्हनत्यात व्हय?"

खंडू लोहारानं हिरवा रंग फासलेल्या त्या धुडावर हातोडी टेकवली. फुटक्या माठासारखा आवाज आला.

"बिडाची हाय ही. चार घाव घातलं की कान तुटून हातात यील. वजन म्हनून ठिव काट्यावर."

चिखलीचा सयाजी भंगारवाला कंटाळला होता. "तात्या, सकाळधरनं तीन दावल्या. तिन्हीला नावं ठिवली."

"नावं ठिवन्यासारख्याच हायत, त्याला मी काय करू?"

खंडूचं बोलणं हे असं. कुरुळीत लोहारकी करता करता त्याचे केस पांढरे झाले, पण त्याच्या तोंडून कुणाला चांगलं म्हटलेलं गावानं ऐकलं नव्हतं. कंपनीत जाणारे त्याच्या लेखी हमाल, वेल्डिंगवाले म्हणजे डिंकानं कागद चिकटवणारे. मात्र गेल्या पावसाळ्यात त्याच्या बापाची ऐरण कमरेत तडकली आणि तीन महिने तो रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर ठोकत होता. तुकडा प्रत्येक घावाला उडायचा. मनगट सुजलं होतं. ठेकेदारांच्या पहारी आणि छिन्न्या शेवटायला, म्हणजे बोथट टोकं ठोकून परत काढायला, चाकणला जायला लागल्या होत्या. आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर भाता गुंडाळून कुठल्यातरी गेटावर शिट्टी घेऊन बसायची पाळी होती, आणि तसल्यांना तर तो माणसातच धरत नसे.

कोपऱ्यात ताडपत्रीखाली चौथी ऐरण सापडली. गंजलेली, तोंडावर खड्डे, कडा उडालेल्या. खंडूनं हातोडी मारली आणि देवळातल्या घंटेसारखी ती वाजली. त्यानं खिशातली बेअरिंगची गोळी वरून सोडली, ती उसळून जवळजवळ हातात परत आली. कानस ओढली तर नुसती घसरली. म्हणजे तोंडाच्या पोलादाचं पाणी, त्याचा कडकपणा, शाबूत होता. खंडूच्या पोटात आनंद मावेना, पण तोंड म्हणालं, "बरी हाय. चालवून घीन कशीतरी."

"टेम्पो उभाच हाय, घेऊन जावा."

"आज अमुशा हाय. आमच्यात अमुशाला ऐरण उंबऱ्याच्या आत घेत न्हाईत."

"मग इसार तरी द्या."

"इसार?" खंडूला हसू आलं. बायकोनं, गिरजाबाईनं, बांधून दिलेली पुडी सोडून त्यानं ऐरणीला हळदकुंकू लावलं, पाया पडला. "लोहारानं हळदकुंकू लावलं की ऐरन त्याची झाली. तुज्या आज्याला इचार."

दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन गेला तर ताडपत्रीखाली जमीन मोकळी.

"तुमच्याच गावचा रविराज घेऊन गेला," सयाजी म्हणाला. "गेटाच्या नक्षीला पायजे व्हती. त्यानं रोख दिलं. हळदकुंकू काय पेमेंट हाय का, तात्या?"

रविराज म्हणजे डिप्लोमा केलेला गडी, कुरुळीच्या रस्त्याला त्याचं फॅब्रिकेशनचं शेड. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला, असं खंडूचं मत. तो तसाच तणतणत शेडवर गेला. ऐरण मधोमध होती, आणि रविराज तिच्याशेजारी गॅसची नळी घेऊन उभा होता.

"या तात्या, बरं झालं आलात." त्यानं खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. "तुमी जाणते. हिच्या कडा वेल्डिंगनं भरतो, त्यासाठी आधी तोंड गॅसनं चांगलं तापवून घेतो. मग ग्राइंडरनं आरशासारखी करतो. चालंल ना?"

चालणार नव्हतं. तोंड असं तापवलं की पोलादाचं पाणी उतरतं, ते मऊ पडतं, आणि उरलंसुरलं ग्राइंडर खातो. खड्डे तसेच ठेवायचे असतात, खड्ड्यांनी ऐरणीचं काही बिघडत नाही. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. खंडूनं तोंड उघडलंही.

मग म्हणाला, "तू शिकल्याला. मी अंगठेबहाद्दर काय सांगनार?"

आणि बसला. ऐरणीचं तोंड तापून पिवळं झालं, मग जांभळं, मग निळं. खंडू बशीत चहा ओतून पीत राहिला. माकडाच्या हातात कोलीत दिलं की असंच व्हायचं, असं मनात म्हणाला, आणि खरं सांगायचं तर त्याला गार गार वाटलं.

आठवड्यानं दारात टेम्पो थांबला. रविराजनं दोन माणसांकडून ऐरण उतरवली. तोंडात तोंड दिसेल अशी लखलखीत.

"गेटाचं काम उरकलं, तात्या. नुसत्या सळ्या वाकवल्या, तोंडाला घाव लागू दिला न्हाई. तुमी हळदकुंकू लावल्यालं सयाजीनं मागनं सांगितलं. तवाच ठरवलं, काम झालं की तुमालाच द्यायची. पैसे भंगाराच्या भावातच द्या, पॉलिश माझ्याकडनं."

तो गेला. गिरजाबाईनं ऐरणीला ओवाळलं, नारळ फोडला. खंडूनं लाल झालेली पहार भट्टीतून काढली आणि पहिला घाव घातला. पहारीचं टोक दबलं, पण खाली ऐरणीलाही खोक पडली. दुसरा घाव, दुसरी खोक.

गिरजाबाईनं भाता थांबवला. चाळीस वर्षं ती तो ओढत होती, तिला सांगायची गरज नव्हती.

"तुमी व्हता न्हवं तितं? चा पीत?"

"व्हतो."

"ठावं व्हतं तुमाला?"

खंडूनं पहार परत भट्टीत खुपसली.

"त्याला येत न्हवतं. तुमाला काय धाड भरली व्हती?" एवढं बोलून ती उठली आणि आत गेली.

दोन दिवसांनी रविराज परत आला. ठेकेदाराची माणसं पहारी घेऊन बसली होती. खंडू खोकांवर पोतं टाकून त्यावर बसला होता. ऐरणीवर बसायचं नसतं, हे त्यानंच गावाला शिकवलेलं.

"कशी हाय, तात्या?"

"झ्याक," खंडू म्हणाला.

रविराज खुलला. "माण गावच्या एका लोहाराला फोटो दावला. त्येची बी आजाच्या येळची हाय, लई खड्डे पडल्यात. उद्या आनतोय. तुमच्यासारखीच करून देतो."

माणचा तो लोहार त्याच्या ओळखीचा नव्हता. ओळखीचा असता तर त्यालाही त्यानं नावंच ठेवली असती. पण ताडपत्रीखालच्या ऐरणीचा तो घंटेसारखा आवाज त्याच्या कानात आला.

"नगं करू," तो म्हणाला. उठला, पोतं ओढून काढलं. "हे बघ. तापीवलं की पानी उतरतं. मऊ झाली ही. वाया गेली."

रविराज वाकला. खोकांवरून अंगठा फिरवला. "मग तवा बोलला का न्हाई? मी इचारलं व्हतं तुमाला."

"व्हय. इचारलं व्हतंस."

ठेकेदाराच्या माणसांनी आपल्या पहारी गोळा करायला सुरुवात केली. रविराज सरळ उभा राहिला आणि त्यानं खंडूला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. तसं बघणं खंडूला चांगलं ओळखू आलं. आयुष्यभर तो लोकांकडं तसंच बघत आला होता.