झडपेचं टेबल

टेम्पोतून ते टेबल उतरलं आणि पाहताक्षणीच शमसुन्निसाला नकोसं झालं. टेबलात वाईट काही नव्हतं. पण ते पाहताना नवऱ्याच्या डोळ्यांत जी चमक आली, ती तिच्या ओळखीची होती. आणि त्याच वेळी त्यानं आपला उजवा हात कुर्त्याच्या खिशात दडवला, हेही तिच्या नजरेतून सुटलं नाही.

चंद्रपूरच्या जुन्या तटबंदीच्या, परकोटालगतच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत जहीरनं उभा जन्म लाकडाला पॉलिश केलं होतं. गेल्या हिवाळ्यापासून त्याचा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. कुर्त्याची बटणं आता शमसुन्निसा लावून द्यायची. आलेलं काम तो ‘सध्या जागा नाई’ म्हणून परत पाठवायचा. लोकांना खरं वाटायचं, कारण जहीरचाचाकडं कामाची गर्दी नेहमीचीच.

टेबल घेऊन आली होती मोनाली. कोळशाच्या खाणींच्या गावात, घुग्घुसच्या शाळेत शिकवायची, भाड्याच्या एका खोलीत राहायची. कुठला तरी जुना बंगला पाडताना तिला ते मिळालं होतं. अस्सल सागवान, पण कुणीतरी त्यावर पांढरा ऑइलपेंट फासलेला. वर लहान लहान कप्पे, खाली खण आणि मधे तिरकी झडप. झडप खाली ओढली की लिहायला फळी, वर लोटली की सगळं आत बंद.

“मोबाइलवर याले सेक्रेटरी डेस्क म्हणतात,” मोनाली म्हणाली. “मले नावाचं काही नाई चाचा. आमच्या इथी खिडकी लावली तरी कोळशाची धूळ येतेच. रात्री पोरांचे पेपर ठेवले की सकाळी त्यावर काळा थर. हे बंद होते ना, म्हणून पाहिजे. आई म्हणे, एकटीच्या खोलीत एवढं मोठं काऊन? मी म्हटलं, एकटी आहो म्हणूनच तर.”

जहीर हसला. “ठेवून जा बेटा. करून देतो.”

ती गेल्यावर शमसुन्निसानं दार लोटलं. “कोणाच्या हातानं करून देता जी?”

तो खरवडायची पत्री शोधायला लागला.

रंग खरवडणं निभावलं. त्यात दोन्ही हातांचा जोर लागतो, थरथर दबून जाते. पांढऱ्या सालीखालून जुन्या गुळासारखा रंग वर आला तेव्हा तो लहान मुलासारखा तिला हाका मारायला लागला. तीही पाहत उभी राहिली. मोडकी बिजागरी त्यानं बदलून घेतली, झडप अलगद बसायला लागली. मग पॉलिशचा दिवस उजाडला. मलमलीत गुंडाळलेला कापसाचा बोळा घेऊन तो झडपेसमोर बसला आणि पहिल्याच फेरीत लाकडावर लाटा उमटल्या. दुसरी फेरी त्याहून वाईट. तिसऱ्या वेळी हात फळीवर मधेच अडखळला, बोळा चिकटला आणि निघताना खालचा थर घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी शमसुन्निसाला टेबलावर चादर टाकलेली दिसली. जहीर सकाळपासून चहाच्या टपरीवर जाऊन बसला होता. मोनालीचा फोन आला की तो म्हणायचा, “हवा दमट आहे बेटा, वाळून नाई राह्यलं.” बाहेर कडक ऊन पडलेलं असायचं.

असं बरंच चाललं. एका दुपारी तो टपरीवरून परतला, तर चादर खाली पडलेली आणि शमसुन्निसा पदर खोचून बोळा फिरवत होती.

“काय करून राह्यली?”

“दिसत नाई का?”

लग्न होऊन आल्यापासून पॉलिशसाठी लाखेची चपडी स्पिरिटमधे भिजवायची तीच, मलमलीतून गाळायची तीच, जुन्या ओढण्या फाडून बोळे बांधायची तीच. पण लाकडाला मात्र तिनं कधी हात लावला नव्हता, आणि लाव असं तो कधी म्हणालाही नव्हता.

“खराब करशील,” जहीर ओरडला. “तेल किती घेतलं? बोळा सरकण्यापुरतं थेंबभर पाहिजे. अन् हात थांबवू नको! थांबली की चिकटते.”

“मग सांगा ना नीट. बोंबलता काऊन?”

तो चिडून मागच्या खोलीत गेला. थोड्या वेळानं उंबऱ्यात येऊन उभा राहिला. मग स्टूल ओढून बसलाच. “गोल फिरव. आता इंग्रजी आठ काढ. कडेपर्यंत जा, कडेवरून बाहेर निघ. अगं, पोळीवर तूप लावून राह्यली का?”

तिचा पॉलिशचा पहिला हात फसला. तिनं तो घासून काढला. दुसराही फसला. जहीरची जीभ तिखटच होती. एकदा तिनं बोळा त्याच्या अंगावर फेकला आणि दिवसभर अबोला धरला. पण दुसऱ्या सकाळी त्यानं थरथरत्या हातानंच नवीन बोळा बांधून ठेवला होता. गाठ वेडीवाकडी, पण घट्ट. हळूहळू तिच्या मनगटाला वळण लागलं. एका संध्याकाळी तिरप्या उजेडात झडपेवर तिला आपलाच चेहरा दिसला. ती मागं वळली. जहीर झडपेतल्या त्या चेहऱ्याकडं पाहत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

मोनाली टेबल न्यायला आली तेव्हा तिनं झडपेवरून तळवा फिरवला. “चाचा, काय हात आहे तुमचा!”

शमसुन्निसा दारातच होती. ती थांबली. जहीरनं खाली पाहिलं आणि “ने बेटा, सांभाळून ने” एवढंच म्हणाला. शमसुन्निसा आत निघून गेली. टेम्पोचा आवाज गल्लीबाहेर गेला तरी चुलीकडंच तोंड करून बसून राहिली. तिला श्रेय नको होतं, असं ती स्वतःला सांगत होती. पण मोनालीचं ते वाक्य कानातून जाईना. त्या दिवसापासून ती कामापुरतंच बोलायला लागली. जहीरला कारण कळत होतं. तोंड मात्र उघडत नव्हतं. पॉलिशवाला ही एकच ओळख त्याच्याजवळ होती, ती एका वाक्यात देऊन टाकायची म्हणजे सोपं नव्हतं.

मग एका रविवारी मोनालीचा फोन आला. आवाज रडवेला. “चाचा, माझ्यानं गरम कप ठेवल्या गेला झडपेवर. पांढरा गोल डाग पडला. पुसून पुसून थकली.”

जहीरनं फोन कानापासून दूर केला. शमसुन्निसा तांदूळ निवडत होती. तो तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

“बेटा, हे चाचीले विचार,” तो फोनमधे म्हणाला. “पॉलिश तिनं केलं. माझा हात नाई चालत आता. त्या दिवशीच सांगाले पाहिजे होतं, नाई सांगितलं.”

त्यानं फोन तिच्यापुढं धरला. शमसुन्निसानं आधी तांदळाचे हात पुसले, मग फोन घेतला. “रडू नको पोरी,” ती म्हणाली. “अन् घासू बिलकुल नको. आमी येतो.”

दोघं घुग्घुसच्या बसमधे बसले. ट्रकांच्या मागून धूळ उडत होती, तिनं पदर नाकाला लावला. त्याच्या कुर्त्याचं वरचं बटण सुटलं होतं, ते तिनं बसल्या बसल्या लावून दिलं.

“अजून राग आहे?” त्यानं विचारलं.

“आहे,” ती म्हणाली. “पण कमी.”

मोनालीच्या खोलीत टेबल खिडकीपाशी होतं. खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं तर काळं व्हावं, पण झडप उघडली तर आत पोरांचे पेपर स्वच्छ पांढरे. शमसुन्निसानं बोळ्याला जेमतेम स्पिरिट लावलं आणि डागावरून वाऱ्यासारखा हात नेला. पुन्हा नेला. डाग फिकट झाला, मग गेला. जहीर खुर्चीत बसून होता. त्यानं एकदाही टोकलं नाही.

बाजूच्या घरातली बाई दारातून बघत होती. “भाऊ, माझ्या सासूचा जुना पाळणा आहे,” ती जहीरला म्हणाली. “होईन का तो?”

जहीरनं शमसुन्निसाकडं बोट दाखवलं. “इले विचारा.”

“आधी पाहू द्या,” शमसुन्निसा म्हणाली, आणि चपला घालून त्या बाईच्या मागं निघाली.