जाऊबाईंची ट्यूब

थोरल्या जाऊबाईंनी कात्री खाली ठेवली तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंचे केस डावीकडे कानापर्यंत आले होते आणि उजवीकडे अजून खांद्यावर रुळत होते. इतक्या वर्षांत थोरल्यांनी कुणाचं डोकं अर्धवट सोडलं नव्हतं. एकदा ऐन कापताना वीज गेली, तर गिऱ्हाइकाच्याच हातात मेणबत्ती देऊन त्यांनी काम पुरं केलं होतं. तीच बाई आज कात्री टाकून विचारत होती, "कुणाला दिलीस?"

धाकटीने हातातल्या टॉवेलची घडी घातली आणि परत मोडली. "मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंना. बाळाला लंगोटाखाली लाललाल झालंय म्हणाल्या. रात्रभर रडतं बिचारं. मी म्हटलं, आमच्या वहिनींचे हात बघा कसे झालेत, घेऊन जा ट्यूब."

"लावली त्यांनी?"

"संध्याकाळच्या अंघोळीनंतर लावते म्हणाल्या."

थोरल्यांनी घड्याळाकडे पाहिलं, ॲप्रन खुंटीला अडकवला आणि आरशातल्या मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाल्या, "बाई, मला जावं लागतंय. एका तान्ह्या बाळाचा प्रश्न आहे." ज्या बाईपुढे अख्खी शाळा चळाचळा कापते, ती नुसती "बरं" म्हणाली आणि अर्ध्या डोक्यानिशी मासिक उघडून बसली.

या ट्यूबचं प्रकरण धाकटीला पाठ होतं. दोघी जावांचं सलून. थोरल्यांच्या कात्रीवर ते उभं होतं, हे धाकटी स्वतःच कुणालाही सांगायची. पण वर्षानुवर्षं शाम्पू आणि रंगात बुचकळून थोरल्यांच्या हातांची पार दैना झाली होती. कातडी लाल व्हायची, खाजायची, सांध्यांवर चिरा पडायच्या. कात्रीच्या कडीत अंगठा घालताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि त्या म्हणायच्या, अमोनियाचा वास झोंबला.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी स्टेरॉइडचं मलम लिहून दिलं, तर थोरल्या त्यालाच घाबरल्या. सलूनच्या खुर्चीत बसणारी प्रत्येक बाई अर्धी डॉक्टर असते. एकीने सांगितलं, कातडी पातळ होते. दुसरीने सांगितलं, जन्माची सवय लागते. मग थोरल्या मोहरीएवढा ठिपका लावायच्या, जरा बरं वाटलं की बंद करायच्या, आणि हात पुन्हा पहिल्यासारखे.

डॉक्टरीणबाईंनी शेवटी त्यांना समोर बसवून घेतलं. म्हणाल्या, "भीती खोटी नाही. मन मानेल तसं लावत राहिलात तर कातडी पातळ होईलच. पण भिऊन लावलंत तर आजार बरा होणार नाही. मी सांगते तेवढं आणि तितकेच दिवस लावायचं." त्यांनी माप दाखवलं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून एक रेघ काढायची, ती एका हाताला पुरते, तळव्याला आणि मागच्या बाजूलाही. कोरडेपणासाठी साधं मलम वेगळं, ते दिवसभरात कितीही वेळा. ओल्या कामाला हातमोजे घालायचे. आणि ठरलेल्या तारखेला हात दाखवायला यायचं, बरे झाले असले तरी.

थोरल्यांना माप कळतं. रंग कालवताना त्यांचा हात कधी थेंबानं चुकत नाही. त्यांनी ते औषधही तसंच पाळलं. अधेमधे खाज थांबली म्हणून सोडलं नाही, आणि गुण येतोय म्हणून चार ठिकाणी जास्तीचं चोपडलंही नाही. एकदा धाकटी म्हणाली, "वहिनी, नाकापाशी लाल झालंय तिथे लावा की जरासं," तर त्यांनी ट्यूब कपाटात ठेवून दिली. "हाताची चिठ्ठी आहे ही," म्हणाल्या. धाकटीला वाटलं, काय बाई आहे! आपण असतो तर नाकच काय, कोपरापर्यंत माखून घेतलं असतं.

हात बरे झाले. डॉक्टरीणबाईंनी मलम हळूहळू कमी करायला सांगितलं तसं ते कमी झालं. आणि धाकटीला काय करू नि काय नको असं झालं. येईल त्या बाईला ती थोरल्यांचे तळवे उलटेपालटे करून दाखवायची. कौतुक तिच्या पोटात मावत नव्हतं. त्या कौतुकाच्या भरातच ती आज कपाट उघडून बसली होती.

रस्त्यात थोरल्या पुढे आणि धाकटी मागे. "वहिनी, ओरडा तरी मला."

"चालताना बोललं की मला दम लागतो," थोरल्या म्हणाल्या आणि जिना चढू लागल्या.

शिंपीणबाईंचं दार उघडंच होतं. शिलाईयंत्राशेजारी, चिंध्यांचा ढीग बाजूला सारून केलेल्या जागेत, नुकतीच अंघोळ झालेलं बाळ टॉवेलवर हातपाय झाडत होतं. ट्यूब उशाशीच होती.

"ती लावू नका," थोरल्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या.

शिंपीणबाईंचा चेहरा पडला. "परत न्यायला आलात? एवढीशी ट्यूब?"

"हो." थोरल्या जमिनीवर बसल्या. "चूक माझी. औषध माझं होतं, मीच ते नीट ठेवायला हवं होतं."

"तुमचे हात बरे झालेले पाहिलेत मी," शिंपीणबाईंचा आवाज चिरकला. "माझं लेकरू दोन घटका झोपत नाही, आणि तुम्ही..."

थोरल्यांनी आपला तळवा त्यांच्यापुढे धरला. "ही कातडी बघा. चपलेच्या तळासारखी जाड. तिच्यासाठी दिलंय हे मलम. याची कातडी कांद्याच्या पापुद्र्याएवढी. वरून तुम्ही लंगोट बांधणार, म्हणजे झाकण ठेवून शिजवल्यासारखं ते आत मुरणार. याला डॉक्टरांना दाखवा. त्यांनी याच जातीचं मलम दिलं तरी घाबरू नका, सांगतील तसं लावा. पण याला बघून दिलेलं लावा, मला बघून दिलेलं नको."

शिंपीणबाईंनी बाळाला टॉवेलमध्ये गुंडाळलं. मग त्यांनी ट्यूब उचलून थोरल्यांच्या हातात ठेवली.

"माझ्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना उघडा असेल अजून," थोरल्या उठल्या. "मला खुर्चीत बाई सोडून आल्यामुळे थांबता येत नाही. ही येईल तुमच्याबरोबर. हिला सगळं पाठ आहे. माझ्या वाटची डोकी हिने धुतली, म्हणून माझे हात कोरडे राहिले आणि बरे झाले."

धाकटीला मान वर करता येईना. जिनाभर तिने बोलणी खायची तयारी केली होती, आणि या बाईने परक्या घरात तिची चूक स्वतःवर घेऊन वर शाबासकी दिली होती. त्या क्षणी तिला थोरल्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण थोरल्या केव्हाच जिना उतरून गेल्या होत्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाला उजेडात धरून तपासलं. "याआधी काही लावलं होतं?"

"नाही," शिंपीणबाई फरशीकडे बघत म्हणाल्या.

धाकटीला गप्प बसता आलं असतं. थोरल्यांनी तिच्यासाठी ती सोय करून ठेवली होती. ती म्हणाली, "मी दिली होती यांना ट्यूब. माझ्या जाऊबाईंची, हाताची. त्यांना न विचारता, कपाटातून काढून दिली."

डॉक्टरीणबाईंनी शिंपीणबाईंकडे पाहिलं.

"दुपारी एकदा लावली मी," शिंपीणबाई हळूच म्हणाल्या. "थोडीशीच. रडणं बघवेना."

"सांगितलंत ते बरं केलंत. एकदा लावल्याने काही बिघडत नाही." डॉक्टरीणबाई लिहू लागल्या. "पण ही बुरशी आहे. त्या मलमाने वरची लाली गेली असती, तुम्हाला वाटलं असतं गुण येतोय, तुम्ही लावत राहिला असता आणि ती पसरत राहिली असती. याला वेगळं औषध आहे. थांबवलं कुणी तुम्हाला?"

"माझ्या थोरल्या जाऊबाईंनी," धाकटी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. शिंपीणबाईंनी बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि मोकळ्या झालेल्या हाताने तिची पाठ थोपटली.